मोरवड्याचं गूळपाणी

‘अहो, पेंडी झोडताय का तिची समजूत काढताय?’

मायाबाई खळ्याच्या कडेला सुपानं भात पाखडत होत्या, तिथूनच त्यांनी विचारलं. खळ्याच्या मध्यावर त्यांचे यजमान राजेंद्र रोकडे, गेल्याच वर्षी पोलीस खात्यातून उपअधीक्षक म्हणून निवृत्त झालेले, दोन्ही हातांत भाताची पेंडी धरून लाकडी फळीवर आपटत होते. आपटत होते म्हणायचं आपलं. निम्मे दाणे पेंडीतच राहत होते. शेजारच्या खळ्यावरच्या बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि साहेबांचा बनियन घामानं पाठीला चिकटला होता.

‘एवढी वर्षं कुणावर हात उचलला नाही, आता भातावर कसा उचलू?’ साहेब म्हणाले.

‘मग बसवा त्याला खुर्चीवर, पाणी पाजा, आणि विचारा, बाबा रे, दाणे कधी सोडतोस?’

बाया खदखदून हसल्या. साहेबही हसले. खुर्ची आणि पाणी ही त्यांचीच गोष्ट होती, सगळ्या गावाला ठाऊक असलेली. तक्रार घेऊन आलेल्या माणसाला आधी खुर्ची, मग पाणी, मग प्रश्न, असा नियम त्यांनी आपल्या ठाण्यात घातला तेव्हा हवालदार मंडळी कुजबुजली होती की उद्या साहेब चोराला सरबत देतील. पण नियम टिकला. लाठ्या कपाटात गेल्या. उल्हासनगरच्या कॅम्पात बदली झाली तेव्हा सिंधी दुकानदार आणि जीन्स शिवणारे कारागीर यांना त्यांनी एका सतरंजीवर बसवलं. पेपरात फोटो आले, छातीवर पदक आलं, आणि पुढं पुढं नवे फौजदार घडवायचे असले की रोकडे साहेबांना व्याख्यानाला बोलावणं यायचं. माणूस चांगला. हे आधी सांगितलेलं बरं, कारण पुढं जे आहे ते चांगलं नाही.

मोरवडे हे बदलापूरच्या पुढं, बारवी धरणाच्या रस्त्याला. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला जांभूळ गावाकडून कारखान्यांना पाणी नेणारी माणसाच्या उंचीची पाइपलाइन. मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात भातशेती. तीही दरसाल आखडते, कारण बदलापूरच्या इमारती बांधाला येऊन टेकल्या आहेत. वेशीवर निळ्या अक्षरांचा बोर्ड आहे: ‘बिनतंट्याचं गाव मोरवडे. एकही पोलीस केस नाही.’ त्याखाली वर्षांचा आकडा दर दिवाळीला नव्यानं रंगवतात. यंदा तो वीस होणार होता.

बाया हसत असतानाच बांधावरून अण्णा भोपी आले. साठी उलटलेला, पांढऱ्या कपड्यांचा, गावच्या समेट मंडळाचा अध्यक्ष. खळ्यावरचं हसू एकदम बंद पडलं.

‘जयभीम, सायब,’ अण्णा म्हणाले. पूर्वी म्हणत नसत; आता आठवणीनं म्हणायचे. ‘चार वाजता पारावर यावा लागल. जरासा काम हाय.’

‘काय झालं?’

‘कायी नाय वो. आमचा भूपेश नी सूनबाय. भांड्याला भांडा लागला.’

‘कितव्यांदा?’ मायाबाईंनी विचारलं. सूप हातात तसंच होतं.

अण्णांनी त्यांच्याकडं न बघता उत्तर दिलं. ‘घरोघरी मातीच्या चुली, वैनी. पन पोरगी हाय शेरातली, विठ्ठलवाडीची. काल निंगाली पोलीस ठेसनात. वेशीवरना मागारी आनली मी तिला. बोललो, आयतवारी मोठा सायब येतंय, आपल्या रोकडे सायबांचा सत्कार हाय, नी तू आजच बोर्ड पारतंस काय? सायब, तुमच्या हातचा गूलपानी झाला का मिटला सगला. तुमचा शब्द कोन मोडाचा नाय.’

एवढं बोलून अण्णा गेले. साहेबांनी पेंडी उचलली आणि तशीच खाली ठेवली. फळीच्या कडेनं मुंग्यांची एक तांबडी ओळ चालली होती. भाताच्या खळ्यात मुंग्या असायच्याच, त्यात नवल नाही. पण साहेब त्या ओळीकडं असे बघत राहिले की मायाबाईंनी सूप खाली ठेवलं.

गूळपाणी ही साहेबांचीच कल्पना.

वीस वर्षांपूर्वी ते इथल्याच तालुक्याच्या ठाण्याला निरीक्षक होते. गावातल्या दोन भावांचा हातभर बांधावरून नऊ वर्षं कोर्टात वाद चालला होता. साहेबांनी दोघांना पिंपळाच्या पारावर बोलावलं, गुळाचा एक खडा फोडून अर्धा अर्धा दिला, एका तांब्यातलं पाणी दोघांना पाजलं, आणि तासाभरात बांध जागेवर गेला. गाव चाट पडलं. मग बैलाचं भांडण आलं, पागोळीच्या पाण्याचं आलं, कोंबड्यांचंही आलं. गूळ खाल्ला, पाणी प्यायलं, कागदावर अंगठा टेकला, की तंटा मिटला. ठाण्याची पायरी चढायचं काम नाही.

त्या तांब्यात आणखी एक गोष्ट होती, ती साहेबांनी कुणाला सांगितली नव्हती. त्यांचे वडील बबन रोकडे गावचे कोतवाल. जन्मभर त्यांनी त्या पाराखाली उभं राहून दवंडी दिली, निरोप सांगितले, शिव्या खाल्ल्या. पारावर बसायला त्यांना कुणी सांगितलं नाही आणि तेही कधी बसले नाहीत. त्याच पारावर वर्दीतला मुलगा मधोमध बसला, आणि बौद्धवाडीतल्या तांब्यातलं पाणी अख्ख्या गावानं ओंजळीनं प्यायलं. म्हातारा सवयीनं खालीच उभा राहून रडत होता. साहेबांना कुठल्याही बढतीनं झाला नाही एवढा आनंद त्या दिवशी झाला.

घरी आल्यावर म्हातारा म्हणाला होता, ‘राजा, वर बसलास, लय बरा झाला. पन वरना मानसाचा डोका दिसतो, तोंड नाय दिसत. जरा वाकून बगत जा.’

साहेब तेव्हा हसले होते. आनंदाच्या भरात बापाचं कोण ऐकतं?

बांध मिटले, बैल मिटले, मग नवऱ्यानं मारलेल्या बायका पारावर यायला लागल्या. इथं गाडी कलली. बांध सरकवला की तंटा मिटतो. मोडलेला हात मागं सरकत नाही. पण दोन्हीला एकच गूळ आणि एकच कागद, हे तेव्हा कुणालाच खटकलं नाही. साहेबांनाही नाही.

जनी अण्णाची पहिली बायको. एका वर्षात तीन वेळा पारावर आली. पहिल्यांदा ओठ फाटलेला होता, दुसऱ्यांदा ती लंगडत होती. तिसऱ्यांदा तिचा डावा डोळा मिटलेला होता, आणि तिनं गूळ हातावर घेऊन विचारलं, ‘सायब, ह्यो शेवटचा ना?’

‘शेवटचा,’ साहेब म्हणाले. ‘अण्णानं शब्द दिलाय. खा.’

जनीनं तो खाल्ला नाही. पदराच्या टोकाला बांधून घेतला. साहेबांनी ते पाहिलं, आणि घरी जाऊन खाईल असं मनात म्हणून पुढच्या तंट्याला हात घातला.

चौथ्या दिवशी ती विहिरीत सापडली.

पंचनाम्याला साहेब स्वतः आले. काठावर तिच्या चपला जोडीनं नीट काढून ठेवलेल्या होत्या. देह वर काढून ठेवला तर पदराला गाठ तशीच. गूळ पाण्यात विरघळून गेला होता, तरी थोड्याच वेळात त्या गाठीला मुंग्या लागल्या. साहेबांनी विचारलं, ‘पाण्याला आली होती तर कळशी कुठाय?’  मग अण्णा घराकडं पळाला आणि कळशी घेऊन आला. काठावर ठेवली. साहेबांनी तिच्यात हात घालून बघितला. ती कोरडी ठणठणीत होती.

त्याच रविवारी जिल्ह्याचे लोक गावाला बिनतंट्याची पहिली ढाल द्यायला येणार होते. पंच म्हणाले, ‘सायब, बाप आत गेला तर या पोराचा काय?’ चार वर्षांचा भूपेश आईच्या ओल्या पायांशी बसून तिच्या जोडव्यांशी खेळत होता. साहेबांनी पोराकडं पाहिलं, पाराकडं पाहिलं, आणि लिहिलं. पाणी शेंदताना पाय घसरून मृत्यू. विहिरीतून कळशी मिळाली. खाली पंचांच्या सह्या, त्याखाली स्वतःची. पोराकडं बघून लिहिलं असं ते पुढं स्वतःला सांगत राहिले. पण पाराकडंही बघितलं होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

त्या दिवसापासून त्यांनी गुळाला आणि साखरेला हात लावला नाही. गावाला वाटतं साहेबांना शुगर आहे. कसली शुगर आणि काय! बदलीच्या गावी कोरी करकरीत खोली मिळाली तरी तिसऱ्या दिवशी उशाशी मुंग्यांची ओळ यायची. आणि जनी यायची. ती घाबरवत नसे, बोट दाखवत नसे. भर दुपारी, लख्ख उजेडात, साहेब व्याख्यान देत असले की सभागृहाच्या शेवटच्या रांगेमागं उभी असायची, पदरातून पाणी ठिपकत असायचं. टाळ्या वाजल्या की ओठ हलायचे. ‘ह्यो शेवटचा ना?’ टाळ्या घेणारा माणूस टाळ्यांना भिऊन वागतो, हे कुणाला कळणार? लोकांना वाटायचं, केवढा विनय!

निवृत्तीनंतर मुंबईकडं कुठंतरी राहावं असं पुष्कळांनी सांगितलं. साहेब मोरवड्यातच आले. खून केलेला माणूस त्या जागी परत येतो म्हणतात. त्यांनी तर खूनही केला नव्हता, नुसती सही केली होती.

‘जाणार?’ मायाबाईंनी विचारलं.

‘बोलावलंय.’

‘जा. पण गूळ आपल्या घरातनं न्यायचा नाही.’ मायाबाई सुपातला भात पोत्यात ओतत होत्या. ‘जनीला तीनदा दिलात तो माझ्याच डब्यातला होता.’

साहेबांनी चमकून बघितलं. वीस वर्षांत दोघांमध्ये हे नाव निघालं नव्हतं. ‘तुला माहीत होतं?’

‘अर्धं माहीत होतं. उरलेलं तुम्ही झोपेत बोलता.’ त्यांनी पोत्याचं तोंड आवळलं. ‘मी विचारलं नाही, हे माझंही चुकलंच.’

चार वाजता पिंपळाची सावली लांब पडली होती. पारावर मंडळाची सात माणसं, मधोमध साहेबांसाठी चादर अंथरलेली. पितळी ताटात अण्णांच्या घरचा गूळ आणि तांब्या. खाली एका बाजूला भूपेश उभा. अंबरनाथच्या कारखान्यात ऑपरेटर, कपड्यांवर अजून कंपनीचं नाव. दुसऱ्या बाजूला रिद्धी, पंजाबी ड्रेस, उजवा हात ओढणीत गुंडाळलेला.

ती उभी होती तीच जागा. बबन कोतवालाची आणि जनीची. पारावरून साहेबांना तिचा भांग दिसत होता, तोंड दिसत नव्हतं.

‘तर झाला असा,’ अण्णांनी सुरुवात केली, ‘का सूनबायला परत कामाव जायाचा हाय. कॅम्प तीनला जीनची शिलाय. भूपेश बोलला, नको. तरना पोरगा, डोका तापतंय. ती बी उलटून बोलली. दोगांचा बी चुकला. आता दोगांनी गूल खावाचा नी...’

‘मला बोलू दे ना,’ रिद्धी म्हणाली.

‘आदी गूल घे, मंग बोल.’

‘नाही. मी आधी बोलणार. मागच्या टाइमला पण असंच केलं, आधी गूळ दिला, मग बोलायला गेले तर बोलले, आता मिटलं ना, आता काय!’

पारावरच्या एकानं घसा खाकरला. साहेब म्हणाले, ‘बोल बाळ.’

‘मी लग्नाच्या आधीपासून मशीन चालवते. दिवसाला चाळीस पँटची शिलाई निघते माझी, सेठ स्वतः बोलतो, रिद्धी जैसा हाथ नहीं. मला परत जायचंय, एवढंच. तर हा...’ तिनं भूपेशकडं पाहिलं नाही. ‘परवा मी बॅग भरली, तर ह्यानं दार लावलं. माझा हात मध्ये होता.’

‘चुकून लागला,’ भूपेश जमिनीकडं बघत पुटपुटला.

‘दोनदा?’

 पिंपळाचं पान ताटात पडलं, ते अण्णांनी उचलून टाकलं आणि ताट साहेबांपुढं सरकवलं. ‘ऱ्हाव दे आता. पोरगा चुकला, कबूल. सायब, द्या तुमच्या हातांनी. सूनबाय, फुडं ये.’

साहेबांनी गूळ उचलला. खरंच उचलला. हाताची सवय होती ती. वीस वर्षांनीसुद्धा बोटांनी बरोबर बेतानं खडा मोडला. रिद्धी पुढं आली आणि तिनं डावा हात पसरला.

‘उजव्या हातान घे ग,’ अण्णा खेकसले. ‘डाव्या हातान कोन गूल घेतंय? काय रीतभात हाय का नाय?’

रिद्धीनं ओढणी सोडली आणि उजवा हात वर केला. मधली तीन बोटं काळीनिळी, फुगून एकमेकांना चिकटलेली. एकाचं नख गेलेलं होतं. गुळाचा खडा त्या हातावर ठेवायला जागाच नव्हती.

‘काका,’ तिनं साहेबांना विचारलं, ‘ह्यानं बोटं जुळतात काय?’

साहेब वाकले. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं तसे, वीस वर्षांनी, पाराच्या कडेला हात टेकून पार खाली वाकले आणि त्यांनी तिचं तोंड बघितलं. ती रडत नव्हती. नुसती वाट बघत होती. खडा त्यांच्या हातून सुटून तिच्या डाव्या हातात पडला. तिनं तो क्षणभर बघितला, आणि तोंडात न घालता दातांनी ओढणीचं टोक धरून त्यात गाठ मारली.

तिच्या खांद्यामागं जनी उभी होती. पाणी ठिपकत होतं. आज ओठ हलत नव्हते.

साहेब पारावरून खाली उतरले. उतरताना चप्पलही घालायचं राहिलं.

‘सायब, काय झाला?’ अण्णा म्हणाले. ‘बसा की.’

‘अण्णा, मी विचारलं होतं, कळशी कुठाय. तू घरून आणलीस. मी हात घालून बघितला.’

 त्या सातांतले दोघं त्या वेळचे पंच होते.

‘कंची कलशी?’ अण्णांचा आवाज बारीक झाला. ‘सायब, गारलेली माती कशाला उकरताव? नी सही तुमची हाय, ध्यानात ठेवा.’

‘माझीच आहे. म्हणून तर मला ठाऊक आहे.’ साहेब आता भूपेशपुढं उभे होते. ‘पोरा, तुझी आई पाण्याला गेली नव्हती. ती तीनदा इथं येऊन उभी राहिली, आणि तिन्ही वेळा मी तिला गूळ देऊन घरी पाठवलं. चौथ्यांदा ती आमच्याकडं आली नाही, विहिरीकडं गेली. आणि मी पाय घसरला म्हणून लिहिलं.’

भूपेशचं तोंड उघडं राहिलं. साहेब उतरताना बघून रिद्धीची वाट अडवायला तो दोन पावलं पुढं झाला होता, तिथंच थांबला. ‘अण्णा? आय घसरून परलेली ना?’

अण्णांनी टोपी काढली, झटकली, पुन्हा घातली.  पोराला जे कळायचं ते त्या टोपीनंच कळलं. तो मटकन पाराच्या पायरीवर बसला, आणि ज्या हातानं दार लावलं होतं तो हात मांडीखाली घेऊन बसला. त्याची कीव करावी की त्याला दोन ठेवून द्याव्यात, ते बघणाऱ्यालाही उमगेना.

‘काका,’ रिद्धी म्हणाली, ‘सासूबाईंचं नंतर सांगा. आधी माझं. ठाण्यात जायचंय, शेवटची रिक्षा जाईल.’

अशी होती ती. साहेबांना त्या स्थितीतही बरं वाटलं.

रिक्षा गेली नव्हती. वेशीवर, निळ्या बोर्डाखाली, मायाबाईंनी ती अडवून ठेवली होती आणि आत बसून रिक्षावाल्याशी वाद घालत होत्या. साहेबांचे अनवाणी पाय बघून त्यांनी काही विचारलं नाही. रिद्धीला आतल्या बाजूला घेतलं, दुखऱ्या हाताखाली स्वतःची पर्स ठेवली, आणि रिक्षा निघाल्यावर एवढंच म्हणाल्या, ‘आता बोर्ड पुसावा लागेल.’

‘पुसू दे,’ साहेब म्हणाले.

पाइपलाइन रस्त्याच्या कडेनं बरोबर येत होती. आतून वाहत्या पाण्याचा आवाज येतो असं लहानपणी सगळी पोरं म्हणायची. साहेब तो आवाज ऐकत बसले.

ठाण्यात फौजदार वैदेही मॅडम होत्या, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या. साहेबांना ओळखताच खाडकन उठून त्यांनी सॅल्यूट ठोकला. मग रिद्धीला खुर्ची दिली. हवालदारानं पाणी आणलं. ती पाणी पिऊन होईपर्यंत मॅडमनी एक शब्द विचारला नाही. साहेबांचा ऊर भरून आला. कुठंतरी काहीतरी खरं उरलं होतं.

रिद्धीनं सांगितलं. मॅडमनी नीट ऐकलं, आणि पेन खाली ठेवलं.

‘ताई, मोरवड्याच्या ना तुम्ही? मग आधी तुमच्या समेट मंडळात एकदा... सर तर स्वतःच आहेत इथे. सर, तुमचं लेक्चर मी दोनदा ऐकलंय. “जे पारावर मिटतं, ते ठाण्यात आणू नये.” माझ्या डायरीच्या पहिल्या पानावर आहे. आम्ही सगळे तेच फॉलो करतो. या वर्षात तेवीस जणींना परत पाठवलं, एकही गुन्हा नाही नोंदवावा लागला.’

कौतुकाच्या अपेक्षेनं ती साहेबांकडं बघत होती. पोरीचे डोळे चमकत होते. तेवीस.  आपण एकच जनी विहिरीत घातली असं साहेब वीस वर्षं समजून चालले होते. त्यांनी तर गावोगाव पार बांधून दिले होते.

‘मॅडम,’ ते म्हणाले, ‘ते पान चुकीचं आहे. मी चुकीचं शिकवलं. बांधाचं मिटतं, बैलाचं मिटतं. हिचं मिटत नाही. हात बघा तिचा.’

मॅडमनी हात बघितला. बराच वेळ बघितला. मग हवालदाराला सांगितलं, दवाखान्याचं पत्र तयार करा, आणि गुन्ह्याचा कागद पुढं ओढला. मोरवड्याचं नाव त्या कागदावर वीस वर्षांत पहिल्यांदा चढलं. रिद्धीनं डाव्या हाताचा अंगठा उठवला. सही येत होती तिला, बोटं वळत नव्हती.

‘मी कामावर कधी जाऊ शकेन?’ तिनं विचारलं.

‘डॉक्टर सांगतील,’ मायाबाई म्हणाल्या. ‘तोवर आमच्याकडं राहा. भात झोडायला माणूस हवंय, हे काही कामाचे नाहीत.’

रिद्धी पहिल्यांदा हसली. मग ओढणीचं टोक पुढं घेऊन दातांनी गाठ सोडवायला लागली. ती सुटेना, तेव्हा मायाबाईंनी सोडवून दिली. गुळाचा खडा मॅडमच्या टेबलावर पडला. खिडकीच्या चौकटीतून मुंग्यांची एक ओळ खाली उतरली. साहेबांनी ती झटकली नाही.

‘त्या तेवीस जणींची नावं आहेत तुमच्याकडं?’ त्यांनी विचारलं.

‘आहेत, सर.’

‘उद्यापासून एकेकीच्या घरी जाऊ. आधी माझा जबाब घ्या.’

‘तुमचा? सर, बसा ना.’ मॅडमनी स्वतःची खुर्ची पुढं केली. ‘पाणी आणू?’

‘नको. मी उभा बरा.’

त्यांनी थोडक्यात सांगितलं काय ते. मॅडमचा चेहरा उतरत गेला. ‘सर, हे कागदावर आलं तर सगळं तुमच्यावरच उलटेल. तुमचं नाव...’

‘नाव लिहा. राजेंद्र बबन रोकडे. मोरवड्याच्या कोतवालाचा मुलगा.’

दारात जनी उभी होती. संध्याकाळचं ऊन तिच्या मागून येत होतं, पदर अजून ओलाच होता. साहेबांनी तिच्याकडं सरळ बघितलं आणि दोन्ही हात बाजूला सोडून, बाप पाराखाली उभा राहायचा तसे ते उभे राहिले.

‘लिहा, मॅडम,’ ते म्हणाले. ‘विहिरीत कळशी नव्हती.’